जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन किती टिकेल, हे विकत घेण्यापूर्वी कसे तपासावे

जुनी स्पोर्ट्स कार पाहायला गेलेला ग्राहक बहुतेक वेळा तीन गोष्टी करतो. तो मीटरवरचे किलोमीटर पाहतो, मालकाने आधीच सुरू करून ठेवलेल्या गाडीतून एक फेरी मारतो आणि ओळखीच्या मेकॅनिकला आवाज ऐकवून त्याचे मत घेतो. या तिन्ही गोष्टींना काही ना काही अर्थ आहे, परंतु त्या भलत्या क्रमाने केल्यामुळे सर्वांत महत्त्वाचा पुरावा ग्राहक पोहोचण्याआधीच पुसला गेलेला असतो. शिवाय प्रत्येक रचनेचे इंजिन वेगळ्या ठिकाणी झिजते. त्यामुळे रोटरी इंजिनाला (ज्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो) लावायची कसोटी पोर्शच्या बॉक्सर, म्हणजे आडव्या सिलिंडरांच्या, इंजिनाला लावून काही हाती लागत नाही.

या लेखातील टप्पे स्वस्त तपासणीकडून महाग तपासणीकडे आणि थंड इंजिनाकडून गरम इंजिनाकडे जातात. हा क्रम बदलू नये. पुण्या-मुंबईत जुनी पोर्श बॉक्स्टर किंवा निस्सान ३७०झेड पाहणाऱ्याला आणि आखातात, ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत माझदा आरएक्स-८ अथवा बीएमडब्ल्यू एम३ पाहणाऱ्या मराठी वाचकालाही तो सारखाच लागू पडतो.

## जाण्यापूर्वीची तयारी

विक्रेत्याशी दोन गोष्टी आधीच बोलून ठेवाव्यात आणि त्या लेखी संदेशात याव्यात. पहिली म्हणजे गाडी आदल्या रात्रीपासून बंद असावी आणि तुम्ही येईपर्यंत कोणीही सेल्फ मारू नये. दुसरी म्हणजे कागद आणि फेरी समाधानकारक वाटल्यास स्पार्क प्लग काढून तपासणी करण्यास आणि ऑइल फिल्टर उघडून पाहण्यास परवानगी असावी. नवे फिल्टर आणि ऑइल यांचा खर्च आपणच करावा. या दोन अटींना ठाम नकार मिळाला तर प्रवासाचा खर्च वाचला असे समजून दुसरी गाडी शोधावी.

सोबत न्यायच्या वस्तू फार नाहीत. त्या कंपनीच्या गाड्यांचा सविस्तर तपशील वाचू शकणारा स्कॅनर, चांगली विजेरी, पांढरे कापड, लहान पण जोरदार चुंबक, ऑइलचा नमुना घेण्यासाठी स्वच्छ बाटली आणि वही एवढे पुरे. बोअरस्कोप कॅमेरा (अरुंद छिद्रातून इंजिनाच्या आत पाहणारा) आणि लीक-डाउन टेस्टर (सिलिंडरमधून निसटणारी हवा मोजणारा) ज्या गॅरेजकडे आहेत, त्या गॅरेजची वेळ त्याच दिवसासाठी ठरवून ठेवावी. गॅरेज तुम्ही निवडावे, विक्रेत्याने सुचवलेले घेऊ नये.

## टप्पा १ : गाडीचे नाव बाजूला ठेवून इंजिनाचा कोड मिळवा

एकाच नावाच्या गाडीत अगदी भिन्न स्वभावाची इंजिने असू शकतात. पोर्श ९११ च्या ९९६ पिढीत साध्या कॅरेरामध्ये एम९६ हे इंजिन आहे, तर त्याच अंगाच्या टर्बो आणि जीटी३ मध्ये मेट्झगर या नावाने ओळखले जाणारे, शर्यतीच्या वंशातले, वेगळ्याच क्रँककेसचे इंजिन आहे. २००९ च्या मॉडेलपासून कॅरेरामध्ये आलेल्या इंजिनात तर एम९६ ची बदनाम झालेली इंटरमीडिएट शाफ्टच (क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवणारा मधला दांडा) नाही. होंडा एस२००० मध्ये २.० लिटरचे एफ२०सी आणि नंतरचे २.२ लिटरचे एफ२२सी अशी दोन इंजिने आली. फेरारी ३६० मध्ये टायमिंग बेल्ट आहे, तर तिच्यानंतरच्या एफ४३० मध्ये टायमिंग चेन आहे.

चासी क्रमांकावरून उत्पादनाचा महिना आणि मूळ इंजिनाचा प्रकार शोधावा. मग इंजिनावर कोरलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहून त्याच्याशी ताडून घ्यावा.

तपासणी : क्रमांक जुळला नाही म्हणून लगेच पाठ फिरवू नये. २०१४ मध्ये पोर्शने ९११ जीटी३ च्या ७८५ गाड्यांची इंजिने कनेक्टिंग रॉडच्या बोल्टमधील दोषामुळे स्वतःहून बदलून दिली. अशा गाडीत बदललेले इंजिन ही चांगलीच बाब आहे. फक्त बदलीचा कागद हातात असला पाहिजे.

## टप्पा २ : त्या रचनेची कमकुवत जागा वहीत लिहा

हा टप्पा घरी बसून करायचा आहे आणि बहुतेक लोक नेमका हाच गाळतात. पुढच्या प्रत्येक तपासणीत कुठे पाहायचे, काय ऐकायचे आणि कोणता आकडा शोधायचा, हे सगळे इथेच ठरते, म्हणून तो मी सविस्तर लिहितो.

आडव्या सिलिंडरांचे सहा सिलिंडरी पोर्श इंजिन (एम९६ आणि एम९७, १९९७ ते २००८). यात दोन वेगळे धोके आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. पहिला धोका इंटरमीडिएट शाफ्टच्या मागच्या बेअरिंगचा. सुरुवातीच्या गाड्यांत ते दुहेरी रांगेचे होते. २००० च्या सुमारास एकेरी रांगेचे आले आणि २००५ पर्यंत राहिले. सर्वाधिक बिघाड या एकेरी बेअरिंगचे आहेत. अमेरिकेत २००१ ते २००५ च्या गाड्यांबाबतचा सामूहिक दावा २०१३ मध्ये तडजोडीने मिटला, तो याच बेअरिंगबद्दल होता. २००६ नंतरचे बेअरिंग मोठे आणि अधिक मजबूत आहे, मात्र क्रँककेस उघडल्याशिवाय ते बाहेर काढता येत नाही. दुसरा धोका सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचा आहे. तो ३.४ लिटर आणि त्याहून मोठ्या इंजिनांत, विशेषतः ४ ते ६ क्रमांकाच्या सिलिंडरांत, अधिक आढळतो. बेअरिंग बदलल्याची पावती दाखवून विक्रेता निश्चिंत होतो, पण त्या पावतीचा ओरखड्यांशी काहीही संबंध नसतो. मेट्झगर इंजिनात हे दोन्ही धोके जवळजवळ नाहीत. तिथे कूलंटच्या पाइपांचे चिकटवलेले जोड सुटतात, म्हणून ते जोड वेल्ड किंवा पिन करून घेतले आहेत का, एवढे विचारावे.

वेगाने फिरणारी बीएमडब्ल्यू एम इंजिने. एस५४ हे सहा सिलिंडरी इंजिन मिनिटाला ८,००० फेऱ्यांपर्यंत जाते आणि एस६५ हे व्ही८ इंजिन ८,४०० पर्यंत. पिस्टनचा सरासरी वेग काढला तर एस५४ मध्ये तो सेकंदाला सुमारे २४ मीटर येतो आणि एस६५ मध्ये सुमारे २१ मीटर. या हिशोबाने एस६५ अधिक निर्धास्त असायला हवे, परंतु रॉड बेअरिंगची (कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट यांच्यामधल्या बेअरिंगची) सर्वाधिक चिंता त्याच इंजिनात आणि त्याच्या व्ही१० भावंडात, म्हणजे एस८५ मध्ये, करावी लागते. बेअरिंग आणि क्रँकपिन यांच्यातली जागा अरुंद आणि वापरायचे १०डब्ल्यू-६० ऑइल जाड, हा जोड थंड इंजिनाला मानवत नाही, असे ही इंजिने उघडणाऱ्या बहुतेक जाणकारांचे निदान आहे. म्हणून टिकाऊपणाचा अंदाज एकाच आकड्यावरून बांधू नये. एस५४ च्या सुरुवातीच्या गाड्यांची रॉड बेअरिंग कंपनीने मोहीम काढून बदलली होती. त्याची नोंद चासी क्रमांकावर मिळते. या इंजिनात व्हॅनोस यंत्रणेची (जी व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलते) झीज आणि ठरावीक अंतराने करायचे टॅपेट ॲडजस्टमेंट हेही वहीत लिहावे.

होंडा एफ२०सी. ९,००० फेऱ्यांना याच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २५ मीटर होतो, तरीही हे माझ्या मते या यादीतल्या सर्वांत भरवशाच्या इंजिनांपैकी एक आहे. ते सहसा स्वतःहून मरत नाही. चुकीचा गिअर पडल्याने मरते. पाचव्याऐवजी तिसरा गिअर पडला की चाकेच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात आणि कोणताही रेव्ह लिमिटर (फेऱ्यांना मर्यादा घालणारी यंत्रणा) ते थांबवू शकत नाही. अशा वेळी व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या वरच्या बाजूचे रिटेनर तडकतात आणि त्यानंतरही गाडी काही महिने व्यवस्थित चालत राहते. टायमिंग चेनच्या टेन्शनरचा खडखडाट हा त्यामानाने स्वस्त दोष आहे.

माझदा रोटरी (आरएक्स-८, २००३ ते २०१२). या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, त्यामुळे झीज शोधण्याच्या नेहमीच्या जागाच नाहीत. त्रिकोणी रोटरच्या टोकांवरचे सील, बाजूंचे सील आणि ते ज्यांवर घासतात ते पृष्ठभाग यांवर सगळे अवलंबून आहे. ऑइल जळणे हा इथे दोष मानू नये, कारण सीलना वंगण मिळावे म्हणून पंप मुद्दामच थोडे ऑइल आत सोडतो. जी गाडी अजिबात ऑइल खात नाही, तिच्या त्या पंपाविषयी शंका घ्यावी. कमजोर इग्निशन कॉइलमुळे न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते, तो तुंबतो आणि त्याची उष्णता इंजिनावर उलटते. म्हणून कॉइल केव्हा बदलल्या, हा प्रश्न इथे इतर कोणत्याही गाडीपेक्षा महत्त्वाचा आहे.

पुशरॉड व्ही८ (शेव्हर्ले कॉर्व्हेटची एलएस मालिका). एकच कॅमशाफ्ट, छोटी चेन आणि प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, त्यामुळे बिघडण्यासारखे भाग कमी आहेत. या मालिकेला सरसकट अभेद्य मानणे मात्र चूक ठरेल. २००६ ते २०१३ च्या झेड०६ मधील ७.० लिटरच्या एलएस७ मध्ये व्हॉल्व्ह गाइड झिजतात आणि व्हॉल्व्हचे डोके तुटून सिलिंडरमध्ये पडू शकते. हेड उतरवून गाइडचे माप घेतल्याचा कागद नसेल, तर तो खर्च आपल्याला करायचा आहे असे धरावे.

सुबारूचे टर्बो बॉक्सर (ईजे२५७). यात पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटतात. कारण बहुधा नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण अवेळी भडकणे, असते आणि नॉकिंगचे कारण बहुधा निकृष्ट पेट्रोल किंवा बाहेरून केलेले ट्यूनिंग असते. ऑइल चेंबरमधील पिकअप नळीला तडा जाणे हा दुसरा ज्ञात दोष. ट्यून केलेली गाडी पुन्हा मूळ स्थितीत आणून विकली जाते, म्हणून बोल्टांवरच्या पान्याच्या ताज्या खुणा पाहाव्यात.

निस्सान ३७०झेडच्या व्हीक्यू३७ मध्ये पुढच्या बाजूच्या ऑइल गॅलरीचे (ऑइल वाहून नेणाऱ्या मार्गाचे) गॅस्केट सुटून ऑइल प्रेशर घसरते. ऑडी आर८ आणि आरएस४ च्या ४.२ लिटर व्ही८ मध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह कधीच धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन साचतो. फेरारी एफ३५५ आणि ३६० मध्ये बेल्टचे वय वर्षांत मोजतात, किलोमीटरमध्ये नाही. साधारण तीन वर्षांनी तो बदलण्याची रीत आहे आणि एफ३५५ मध्ये त्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागते.

इशारा : आपल्याकडे अनेक गॅरेजांत "काही झाले तर बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकू" असे सहज सांगितले जाते. टोयोटा सुप्राच्या २जेझेडसारख्या ओतीव लोखंडी ब्लॉकला ते लागू आहे. पोर्शच्या एम९६ मधील सिलिकॉनयुक्त भिंती, एफ२०सी मधील तंतुमिश्रित धातूचे लायनर आणि निस्सान जीटी-आरच्या व्हीआर३८ मधील फवारलेला थर यांना साधे बोअरिंग चालत नाही. तिथे नवा लायनर बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे ब्लॉक पाठवावा लागतो किंवा ब्लॉकच बदलावा लागतो.

## टप्पा ३ : कागद तारखांच्या क्रमाने लावा

सर्व पावत्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडाव्यात आणि प्रत्येकीवरचे किलोमीटर वहीत उतरवावेत. दोन ऑइल बदलांतले अंतर १५,००० किमीपेक्षा अधिक किंवा दोन वर्षांहून लांब असेल, तर त्या ओळीखाली रेघ मारावी. कोणत्या दर्जाचे ऑइल घातले हे पावतीवर असणे आवश्यक आहे. "इंजिन ऑइल, ९ लिटर" एवढ्या नोंदीने काही सिद्ध होत नाही.

कमी किलोमीटर म्हणजे कमी झीज, हा या विषयातला सर्वांत महाग गैरसमज आहे. वर्षाला ८०० किमी चाललेल्या गाडीत ऑइल पुरेसे तापतच नाही, त्यातला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, सील सुकतात आणि रबर कडक होते. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याच्या दमट हवेत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा नियमित लांब प्रवास केलेली आणि दीडपट चाललेली गाडी मी आधी पाहीन.

## टप्पा ४ : सेल्फ मारण्यापूर्वी स्कॅनर जोडा

चावी फिरवून इग्निशन चालू करावे, मात्र इंजिन सुरू करू नये. कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर शेजारी शेजारी वाचावे. रात्रभर बंद असलेल्या गाडीत हे दोन आकडे जवळजवळ सारखे असतात. कूलंट दहा-पंधरा अंशांनी अधिक असेल, तर तुम्ही येण्याआधी इंजिन तापवलेले आहे. मग त्या दिवशी तपासणी न करता दुसऱ्या दिवशी सकाळी परत यावे.

त्यानंतर दोषांचे कोड वाचावेत. एकही कोड नसणे ही चांगली खूण आहेच असे नाही. "रेडिनेस मॉनिटर" (गाडीचा संगणक स्वतःच करत असलेल्या चाचण्या) अपूर्ण दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती.

पोर्शच्या गाड्यांत संगणक आणखी दोन मौल्यवान गोष्टी जपून ठेवतो. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरले याची श्रेणीनुसार नोंद आणि इंजिनाचे एकूण चालू तास या त्या दोन गोष्टी. वरच्या श्रेणीतली नोंद चुकीचा गिअर पडल्याशिवाय होत नाही. ती घटना किती तासांपूर्वीची आहे हेही नव्या गाड्यांत दिसते. घटनेनंतर शेकडो तास इंजिन नीट चालले असेल, तर काळजी कमी करावी. चालू तासांचा उपयोग मीटर तपासायला होतो. ४५,००० किमी आणि १,००० तास म्हणजे सरासरी वेग ताशी ४५ किमी, हे पटण्यासारखे आहे. तेवढेच किलोमीटर आणि २,२५० तास म्हणजे सरासरी २० किमी. अशा इंजिनाने एक तर वाहतूककोंडीत आयुष्य काढले आहे किंवा मीटर मागे फिरवले गेले आहे.

## टप्पा ५ : थंड इंजिन सुरू करा आणि पहिली दोन मिनिटे काहीही बोलू नका

एक जण सायलेन्सरमागे आणि एक जण इंजिनापाशी उभा राहावा. रेस करू नये. ही दोन मिनिटे त्या दिवशी पुन्हा मिळणार नाहीत, म्हणून मोबाइलवर आवाजासह चित्रण करावे.

सुरू होताच एक-दोन सेकंद होणारा चेनचा खडखडाट बऱ्याच इंजिनांत क्षम्य असतो. पाच-सहा सेकंद टिकला, तर टेन्शनर किंवा ऑइल प्रेशरकडे वळावे. आडव्या सिलिंडरांच्या इंजिनातून सुरुवातीला निघून लगेच विरणारा निळसर धूर नेहमीचा असतो, कारण बंद अवस्थेत ऑइल सिलिंडरमध्ये झिरपते. पोर्शमध्ये एकाच बाजूचे सायलेन्सरचे नळकांडे दुसऱ्यापेक्षा ठळकपणे काळे आणि तेलकट असेल व थंडपणी लयीत टकटक ऐकू येत असेल, तर ओरखड्यांचा संशय घेऊन टप्पा ८ मधील कॅमेऱ्याची तपासणी अनिवार्य मानावी. गोडसर वासाचा, न थांबणारा पांढरा धूर कूलंट जळत असल्याचे सांगतो.

इशारा : आरएक्स-८ थंडपणी सुरू करून दोन फूट हलवून लगेच बंद करू नये. इंजिन पेट्रोलने भिजते, पुन्हा सुरू होत नाही आणि विक्रेता तुम्हालाच जबाबदार धरतो.

## टप्पा ६ : पूर्ण तापवून फेरी मारा आणि मग बंद करा

कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापले, असे नसते. ऑइल तापायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. ऑइलचे तापमान ८० ते ९० अंशांच्या आसपास येईपर्यंत ४,००० फेऱ्यांच्या खालीच चालवावे. त्यानंतर एकदा तिसऱ्या गिअरमध्ये मर्यादेपर्यंत जावे आणि ॲक्सिलरेटर सोडून गाडी उतारावर किंवा गिअरमध्येच हळू होऊ द्यावी. आरशात दिसणारा निळा धूर पाय सोडल्यानंतर आला, तर व्हॉल्व्ह गाइड किंवा सील पाहावेत. दाबताना आला, तर रिंग किंवा टर्बो पाहावा.

परत आल्यावर गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल प्रेशर पाहावे. थंडपणीचा प्रेशर कोणत्याही इंजिनात भरपूर दिसतो. झिजलेली बेअरिंग गरम आयडललाच उघडी पडतात. आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तिकेतील किमान आकड्याशी ताडावा. दुसऱ्या जातीच्या इंजिनाशी तुलना करू नये.

आता इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. रोटरीसाठी हीच खरी परीक्षा आहे. कॉम्प्रेशन घटलेले रोटरी इंजिन थंडपणी चटकन सुरू होते आणि गरमपणी सेल्फ फिरतच राहतो.

तपासणी : ऑइलची पातळी मोजण्याची पद्धत रचनेनुसार बदलते. आर८ किंवा झेड०६ सारख्या ड्राय-संप (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) इंजिनांत ती पूर्ण तापल्यावर, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणेच मोजतात. थंडपणी डिपस्टिक पाहून ऑइल ओतणाऱ्याने ते हमखास जास्त भरलेले असते.

## टप्पा ७ : ऑइलचा नमुना घ्या आणि फिल्टर कापून पाहा

गरम ऑइल सोडताना पहिली धार जाऊ द्यावी आणि मधल्या धारेचा नमुना बाटलीत घ्यावा. नमुना प्रयोगशाळेत पाठवताना ऑइलने किती किलोमीटर काढले तेही कळवावे. कालच बदललेल्या ऑइलचा अहवाल निर्मळच येतो आणि त्याला काही किंमत नसते.

फिल्टरची घडी उलगडून पांढऱ्या कापडावर दाबावी व विजेरीखाली पाहावी. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडी, म्हणजे चेन, शाफ्ट किंवा बॉल बेअरिंगचे असतात. पोर्शच्या इंटरमीडिएट शाफ्टची पहिली चाहूल बहुधा इथेच लागते. न चिकटणारे चकाकते तुकडे ॲल्युमिनियमचे किंवा बेअरिंगच्या थराचे असतात. काळ्या प्लॅस्टिकचे तुकडे चेनच्या गाइडचे असतात.

एस६५ आणि एस८५ बाबत एक बारकावा आहे. जुन्या गाड्यांतील बेअरिंगमध्ये शिसे आणि तांबे होते, त्यामुळे अहवालातल्या शिशावरून झीज कळते. नंतरच्या बेअरिंगमध्ये शिसे नाही, म्हणून शिशाचा आकडा शून्य आला तरी बेअरिंग निरोगी असल्याचे सिद्ध होत नाही.

काही वर्षांपूर्वी एका गाडीसाठी मी हा टप्पा वेळेअभावी गाळला. आवाज उत्तम होता, कागद पूर्ण होते, विक्रेताही सालस होता. पहिल्या सर्व्हिसला फिल्टर उघडले तेव्हा त्यात बेअरिंगचे चकाकते कण सापडले आणि ते काम गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शावर गेले. अर्ध्या तासाचे हे काम त्यानंतर मी कधीही टाळलेले नाही.

## टप्पा ८ : कॉम्प्रेशन, लीक-डाउन आणि कॅमेरा

कॉम्प्रेशन चाचणी गरम इंजिनावर, सर्व प्लग काढून, पेट्रोलचा पुरवठा तोडून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना करावी. यातली एक अट जरी चुकली तरी आकडे फसवे येतात. सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा.

लीक-डाउन चाचणी त्याहून अधिक सांगते. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि किती टक्के हवा निसटते ते मोजतात. दहा टक्क्यांखाली असेल तर समाधान मानावे आणि वीस टक्क्यांवर गेल्यास कारण शोधावे. हवा कुठून निसटते ते कानाने कळते. इनटेककडून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंग आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

पोर्शमधील ओरखडे मात्र या दोन्ही चाचण्यांतून निसटतात. ते सिलिंडरच्या खालच्या भागात असतात आणि पिस्टन वर असताना रिंग नीट बसलेल्या असतात. प्लगच्या छिद्रातून कॅमेरा घालून पिस्टन खाली आणल्यावर काही भाग दिसतो. खात्री करायची असेल तर ऑइल चेंबरचे झाकण काढून खालून कॅमेरा घालावा.

रोटरीसाठी साधा कॉम्प्रेशन गेज वापरू नये. तो एका रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा धरून ठेवतो आणि मेलेली बाजू लपवतो. रोटरीच्या खास टेस्टरवर प्रत्येक रोटरचे तीन आकडे मिळतात आणि ते मिनिटाला २५० फेऱ्यांच्या वेगाला जुळवून वाचावे लागतात. आरएक्स-८ साठी नवे इंजिन सुमारे ८३० किलोपास्कल दाखवते आणि ६८० ही किमान मर्यादा आहे. सहापैकी एक बाजू जरी खाली असेल, तर ते इंजिन बांधणीला आलेले समजावे.

## टप्पा ९ : आकडे मांडल्यानंतरच भाव करा

वहीत दोन रकाने करावेत. पहिल्यात ठरलेला, टळणार नाही असा खर्च लिहावा: बेल्ट, रॉड बेअरिंग, टॅपेट, कॉइल, कार्बन साफसफाई. दुसऱ्यात संभाव्य मोठा खर्च लिहावा. पहिला रकाना पूर्णपणे किमतीतून वजा मागावा. दुसऱ्या रकान्याची रक्कम विक्रेत्याकडून मिळत नाही. ती आपल्या बँकेत शिल्लक राहत असेल तरच सौदा करावा. भारतात यातले अनेक सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात, तेव्हा सीमाशुल्क आणि गाडी गॅरेजमध्ये पडून राहण्याचा काळ हेही पहिल्या रकान्यात धरावे.

## टप्पा १० : घेतल्यानंतरचे पहिले ५,००० किमी

ऑइल, फिल्टर, कूलंट आणि प्लग कागद काहीही सांगत असले तरी लगेच बदलावेत. रेडिएटरच्या समोर साठलेली पाने आणि माती बंपर उतरवून काढावी. पोर्शच्या पुढच्या रेडिएटरांत हा कचरा हमखास असतो आणि मे महिन्यातल्या घाटात त्याचा हिशोब चुकता होतो.

पेट्रोलबाबत टाकीच्या झाकणामागे लिहिलेला ऑक्टेनचा आकडा पाळावा, विशेषतः टर्बो इंजिनात. भारतात एक्सपी१०० सारखे १०० ऑक्टेनचे पेट्रोल निवडक पंपांवर मिळते. आता देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळत असल्याने २०१० पूर्वीच्या गाड्यांतील इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील यांची साहित्यानुसार तपासणी करून शंका असल्यास ते बदलावेत. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवावी.

ऑइल दर ८,००० किमी किंवा एक वर्ष, यांपैकी आधी येईल तेव्हा बदलावे. कंपनीच्या पुस्तिकेतले लांब अंतर नव्या गाडीसाठी आणि थंड हवेसाठी आखलेले असते. प्रत्येक वेळी फिल्टर कापून त्याचे छायाचित्र तारखेसह ठेवावे. दर १,००० किमीला, रोटरीत प्रत्येक दुसऱ्या पेट्रोल भरणीला, ऑइलची पातळी सपाट जागी मोजून किती घातले ते वहीत लिहावे. सहा महिन्यांनी प्रति हजार किलोमीटर ऑइल खाण्याचा आकडा स्थिर दिसला तर पुढची चाचणी वर्षभराने करावी. तो वाढता दिसला, तर टप्पा ८ पुन्हा करावा.